सारजा ऊर्फ रत्ना

किसन टपाल्याच्या पायाला भिंगरी आहे असं पौडात सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही. चौतीस वर्षं त्याने पौडाच्या पोस्टातून पश्चिमेकडच्या गावांत टपाल वाटलं, आधी सायकलवर आणि मग मोपेडवर. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी सकाळचे साडेनऊ वाजले की हा माणूस शर्टाच्या गुंड्या लावून दारात उभा. कुठे जायचंय हे त्यालाही ठाऊक नसे. चहा उभ्याने प्यायचा, पेपर फेऱ्या मारत वाचायचा. बायको आक्काबाई करवादायची, "आवं, बूड टेकवा की जरा. भुईला काय इस्तू लागलाय?" पण बूड टेकायचं कुठे, हाच तर खरा प्रश्न होता.

कारण किसनला स्वतःचं घर नव्हतं. माले गावाच्या कडेला, बौद्धवस्तीत वडिलांचं घर होतं, पण ते थोरल्या भावाच्या लेकरांनाच पुरत नव्हतं. लग्न झाल्यापासून ही दोघं भाड्याने राहिली. पौडात, कासार आंबोलीत, पुन्हा पौडात. अकरा महिन्यांचा करार. तो संपायला आला की मालकाच्या पुतण्याचं लग्न तरी ठरायचं, नाहीतर खोलीला पुण्याचं गिऱ्हाईक तरी यायचं. आक्काबाईने नऊ घरं लावली आणि नऊ घरं उचलली; आताची खोली दहावी. मुलगी प्रियदर्शिनी नर्स झाली, हिंजवडीला लागली, तिचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिकेवर पत्ता कोणता छापायचा यावर आठ दिवस वाद चालला होता, कारण लग्नाच्या तारखेआधीच करार संपत होता. अख्ख्या तालुक्याचे पत्ते तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता नाही, अशी थट्टा पोस्टातली पोरं करायची आणि किसनही हसायचा. आक्काबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

यंदा दसरा झाला आणि मालेच्या हैबतरावांचा, गावाच्या तात्यांचा, निरोप आला. हैबतराव म्हणजे गावातलं जुनं, जमीनजुमल्याचं घराणं. ते स्वतः शेतात बांधलेल्या बंगल्यात राहायचे. गावातलं वडिलांचं तीन खोल्यांचं विटांचं घर त्यांनी मजुरांना भाड्याने दिलं होतं. आता मुलाला, ओमला, रस्त्याला हॉटेल टाकायचं होतं म्हणून ते घर काढायचं होतं.

"किसन, तूच घे," हैबतराव म्हणाले. "पुन्याची लोकं नगं मला. ती येत्याल, भित्ती पाडत्याल आन् कुंपान घालत्याल. तू आपला हायेस."

घर गावठाणात, ऐन गल्लीत. वस्तीतल्या माणसाला ते देणार म्हटल्यावर हैबतरावांच्या भावकीत कुजबुज झाली. दोघेतिघे बंगल्यावर जाऊन बसले. हैबतरावांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "घर माझं हाय. मी कुनालाबी दीन." ही गोष्ट किसनच्या कानावर आली तेव्हा त्याला भरून आलं. त्या गल्लीत त्याने हजारदा सायकल टेकवली होती, प्रत्येक दाराची कडी त्याला माहीत होती, पण उंबऱ्याच्या आत बसून त्याने कोणाकडे पाणी प्यायलेलं नव्हतं. आक्काबाई तर घर बघायला गेली आणि चुलीच्या जागेपाशी उभी राहून तिने नुसता भिंतीला हात लावला. इसार दिला, पावती झाली.

खरेदीचं काम वकील इंद्रजितकडे दिलं. हा कोथरूडचा तरुण मुलगा, तहसील कचेरीसमोर गाळा घेऊन बसलेला. हुशार होता, पण माणसाच्या आनंदावर पाणी ओतायची त्याला सवय होती. किसनने मोठ्या ऐटीत घराचा उतारा पुढे ठेवला.

"काका, हा घरपट्टीचा उतारा," वकील म्हणाला. "घरपट्टी कोण भरतं एवढंच यावरून कळतं. घर कोणाचं, ते नाही कळत."

"आवं पन नाव हाय की तात्यांचं."

"नाव आहे, पण पुढे 'व इतर' लिहिलंय. मला ते इतर पाहिजेत."

ते इतर निघाले पंचायतीच्या जुन्या वारसनोंदीत. हैबतरावांचे वडील वारले तेव्हाची नोंद. आई त्याआधीच गेलेली. नोंदीत तीन नावं होती : मुलगा हैबत, मुलगी सारजा, मुलगी रत्ना.

हैबतराव आणि किसन समोर बसले होते. वकिलाने नोंदीवर बोट ठेवलं. "मुलींचा हिस्सा मुलाइतकाच. दोघी बहिणींनी एकतर खरेदीखतावर सही करायची, नाहीतर आधी हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं. रत्नाबाई येतायत म्हणालात. सारजाबाई कुठे असतात?"

हैबतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सारजा आन् रत्ना एकच. माह्यारचं नाव सारजा, लगीन झालं तवा सासरच्यांनी रत्ना ठेवलं. ग्रामसेवकानं दोनी नावं खाली खाली लिवली. येकीच्या दोन झाल्या."

आता हे काही अगदीच अशक्य नव्हतं. आपल्याकडे नवरी सासरी येते आणि तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नाव घेऊन उठते. त्यामुळे एका बाईचे दोन जन्म कागदोपत्री रोज सापडतात, आणि इंद्रजितने अशी चार प्रकरणं त्याच महिन्यात निस्तरली होती. तरी त्याने विचारलंच. शेजारी बसलेल्या किसनकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही तर गावचे, आणि तिथलेच टपाली. तुम्हाला काय माहीत? एकच का?"

हैबतराव किसनकडे बघत नव्हते. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"असंल," किसन म्हणाला.

बस, एवढंच. खोटं बोलला असंही नाही आणि खरं सांगितलं असंही नाही. पण त्या एका शब्दाने त्याची झोप गेली, जेवण गेलं आणि आधीच नसलेली स्वस्थता पार गेली.

पुढच्या आठवड्यात रत्नाबाई आल्या. साठीला टेकलेल्या, नवी कोरी साडी नेसलेल्या. ती भावाने सहीच्या मानाची म्हणून घेतली होती. वकिलाने प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं : सारजा ऊर्फ रत्नाबाई, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मी स्वतः आहे. रत्नाबाई ऐकत होत्या, आणि 'सारजा' आलं तसा त्यांचा पेन धरलेला हात थांबला.

"दादा, ह्यात सारजाचं नाव कशापायी?"

"कागदाचं काम हाय. कर सही."

"पन मी सारजा..."

"रत्ने, कर सही. उशीर हुतोय."

रत्नाबाईंनी एकदा भावाकडे पाहिलं, मग किसनकडे. भाऊबीजेला जायला त्यांना एकच दार होतं, आणि ते कोणाच्या हातात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सही केली. गावातल्या दोन जुन्या माणसांनी साक्षीला सह्या केल्या. दोघेही सारजाच्या लग्नात जेवले होते.

गावाला माहीत नव्हतं असं नाही. गाव सोयीने विसरलं होतं. सारजा ही हैबतरावांच्या पाठची, रत्ना तिच्याही पाठची. सारजाला मुठा खोऱ्यात दिली होती. सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, आणि ती पिशवी घेऊन माहेरी आली. तिने जमीन मागितली नाही की दागिना मागितला नाही. या घरातली कडेची खोली राहायला मागितली. हैबतराव म्हणाले, खोली दिली की उद्या हिस्सा मागशील. ती दारात उभी राहिली, संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ झाली तशी निघून गेली. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव कोणी काढलं नाही.

पण किसनला ते नाव दरवर्षी दिसायचं. राखीपौर्णिमेच्या आधी आठ दिवस मुठ्याचा शिक्का असलेलं पाकीट यायचं, मागे सुबक अक्षरात सारजाबाईंचा पत्ता. हैबतराव पाकीट हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. "परत धाड," एवढंच. मग किसन तिथेच, त्यांच्याच ओट्याच्या कडेला टेकून, पाकिटावर लिहायचा : 'घेण्यास नकार'. तारीख घालायचा आणि खाली सही करायचा. नियमच तसा होता. अकरा वर्षं त्याने ते लिहिलं. बाराव्या वर्षी पाकीट आलं नाही आणि किसनला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं होतं.

वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. अमुक घर आमचे पक्षकार विकत घेत आहेत, कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं, न कळवल्यास हक्क नाही किंवा सोडून दिला असं समजण्यात येईल. दोन बोटं रुंदीची, मुंगीच्या अक्षरात छापलेली. किसनने ती कात्रीने कापून पाकिटात ठेवली आणि दिवस मोजायला लागला.

तिसऱ्या दिवशी तो वकिलाच्या गाळ्यात गेला. "सायेब, समजा, येकादा वारस ऱ्हाऊन ग्येला तर?"

"त्याचा हिस्सा त्याचाच राहतो. विकणाऱ्याला जेवढा हक्क असतो तेवढाच तो देऊ शकतो. राहिलेला वारस नंतर उभा राहिला तर घेणाऱ्याची फरफट."

"आन् नोटीस दिलेली आसली तर?"

"नोटिशीने हक्क मरत नाही, काका. आम्ही शोध घेतला, आम्हाला माहीत नव्हतं, एवढंच नोटीस सांगते. पण घेणाऱ्याला आधीपासून माहीत होतं असं निघालं तर मग कोर्ट त्याची गय करत नाही." वकिलाने मान वर केली. "का हो?"

"न्हाई, आपलं इचारलं."

पाचव्या दिवशी तो पुन्हा गेला, सहाव्या दिवशीही. हरकत आली का? नाही आली. वकिलाला वाटलं, म्हाताऱ्याला घराची घाई झालीय. किसन तिथून निघायचा तो पौडाच्या बाजारातून चालत नदीपर्यंत, तिथून परत. मालेला जाऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि घर न बघताच माघारी फिरायचा. मोपेडवर बसला की हॅण्डल आपोआप पिरंगुटाकडे, मुठ्याच्या वाटेला, वळायचं आणि तो ते जबरदस्तीने वळवून घरी आणायचा. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. आक्काबाईने पडदे शिवायला टाकले होते. तिने विचारलं, राहिलेल्या खोलीला निळं कापड बरं की पिवळं? तो म्हणाला, "बगू." ती म्हणाली, "काय बगू? घरात तुमी ऱ्हानार का म्हसरं?"

त्याला कोर्टाची भीती नव्हती असं नाही, पण त्याला कुरतडत होतं ते वेगळंच. मुठ्याच्या त्या बाईला पुण्याचं वर्तमानपत्र कोण नेऊन देणार? नोटीस छापली म्हणजे पोचली, असं वकील मानतात. चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला ते मानता येईना. कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात पडला तरच तो पोचला. त्याला दुसरं काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो शर्टाच्या गुंड्या लावून दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला कुठे जायचंय ते माहीत होतं. आक्काबाईला म्हणाला, "जाऊन येतो." पिरंगुटावरून उरवडं, मग घाट. घाटात त्याने दोनदा मोपेड थांबवली. एकदा परतही वळवली होती.

जुन्या पत्त्यावर सारजाबाई नव्हत्या. तिथल्या एकाने पुढच्या टेकडीवरचा बंगला दाखवला. पुण्याच्या डॉक्टरांचा, शनिवार-रविवारचा. सारजाबाई तो सांभाळायच्या, मागे पत्र्याच्या खोलीत राहायच्या. गाड्या लावायच्या फरशीवर भात वाळत घातलं होतं आणि एक उंच, वाळलेली बाई पायाने ते पसरत होती.

"वळाकलं का, सारजाबाय?"

तिने डोळ्यांवर हात धरला. "टपाली न्हवं का तू? किसन."

त्याने कात्रण दिलं. तिने ते लांब धरून वाचलं, मग जवळ धरून. किसनने सगळं सांगितलं. घर, वारसनोंद, रत्नाबाईंची सही, आणि आपण काय म्हणालो तेही. तिने कात्रणाची घडी घालून कनवटीला खोचली.

"मेली म्हनले आसते तरी चाललं आसतं," ती म्हणाली. "मान्सं मरत्यात. ह्यांनी माजी रत्ना केली."

"सारजाबाय, त्या पाकिटांवर... त्ये नकार म्या लिवायचो."

"म्हाईत हाय. अक्षार वळकायची मी तुजं." ती परत भात पसरायला लागली. "दादा घेत न्हाई त्ये मला पैल्याच साली कळलं. पन येकदा तरी नुस्तं दारात टाकून यायाचं हुतंस, किसन. घेतलं न्हाई तर न्हाई. मला परत तरी आलं नसतं."

चौतीस वर्षांत किसनच्या नोकरीवर एक डाग नव्हता; चूक दाखवली ती हिने, आणि नियमपुस्तकात तिला उत्तर नव्हतं. त्याची मान खाली गेली. मग त्याने, येताना घोकून ठेवलं होतं तसं, सांगितलं की वकील म्हणतात हक्कसोडपत्र देता येतं, तुमच्या हिश्श्याचे पैसे घेऊन.

"मी हक्क सोडनार न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "जा आता. हितं ऊन हाय तवर माजं काम हुतं."

किसन घाट उतरला. घर गेलं. आपल्याच पायाने जाऊन घालवलं.

आक्काबाईला त्याने सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. "नऊ घरं उचलली म्या," ती म्हणाली. "नऊ येळा तुमाला म्हनले का कदी काय? आता धा उचलीन. पन मला सांगून तरी जायाचं." आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो आत आला की ती बाहेर, तो बाहेर गेला की ती आत. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिने विचारलं, "ऱ्हाती कुटं ती बाई?"

"बंगल्याच्या मागं. पत्र्याची खोली हाय. मालक ठिवतील तवर."

आक्काबाईने भाकरी ताटात टाकली. "म्हंजी आपल्यागतच की," ती म्हणाली, आणि पडद्याचं कापड तिने शिंप्याकडून परत आणलं नाही.

नोटिशीचा शेवटचा दिवस. किसन वकिलाच्या गाळ्यात बाकावर बसत होता आणि उठत होता. साडेबाराला सारजाबाई आल्या. हातात कात्रण, आधार कार्ड, आणि त्यांच्या चौथीच्या शाळेचा दाखला. एवढी वर्षं कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. वकिलाने दाखला वाचला, आधार वाचलं, प्रतिज्ञापत्राची फाइल काढली आणि किसनकडे असं पाहिलं की किसन भिंतीकडे बघायला लागला.

"काका, घर घेणारे तुम्ही, आणि हरकतदारही तुम्हीच आणलात?"

"व्हय," किसन म्हणाला.

वकिलाने प्रतिज्ञापत्रावर आडवी रेघ मारली. "हे माझ्या हातून वापरलं जाणार नाही. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा आहे. आजी, तुमचं म्हणणं काय? हक्कसोड करायचं का?"

"न्हाई. मला इकायचंय."

"पैसे तेवढेच मिळतील, आजी. हक्कसोड केलं काय, विकलं काय."

"पैशाचं न्हाई, ल्येकरा," सारजाबाई म्हणाल्या. "सोडायचं म्हंजी माजं नव्हतंच म्हनायचं. इकायचं म्हंजी हुतं. त्या कागदावर लिव्हा, सारजानं इकलं. माह्यारचं नाव, बापाचं नाव, समदं लिव्हा."

संध्याकाळी हैबतराव किसनच्या खोलीवर आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. "तुला गल्लीत घर देत हुतो, किसन. भावकीशी वाकडं घेतलं तुज्यापायी. आन् तू माजंच घर फोडलंस?"

"तात्या, घर तीन मान्सांचं हुतं. म्या फोडलं न्हाई."

"तू मला शिकिवनार?"

"न्हाई. पन म्या असंल म्हनलो त्ये खोटं हुतं. तुमचं उपकार हायेत, त्ये इसारनार न्हाई मी. पन ह्ये मला पेलंना."

"सौदा मोडला," हैबतराव म्हणाले आणि गेले. शेजारच्या खोल्यांची दारं हळूच लागली.

पुढचे अकरा दिवस किसनने कसे काढले ते पौडाचे रस्ते सांगतील. इसार परत आला नाही, निरोपही आला नाही. घरमालकाने करार संपत आल्याची आठवण करून दिली. आक्काबाई मात्र शांत होती, आणि त्याचाच किसनला राग यायचा. एकदा तो तिच्यावर खेकसलाही, "तुला काय वाटत न्हाई का?" ती म्हणाली, "वाटतंय की. पन मी काय नदीपत्तुर चालत जाऊ?"

तिकडे वकिलाने हैबतरावांना समोर बसवून सांगितलं होतं : लेखी हरकत आली आहे, आता हे घर किसनला नाही तर कोणालाच विकता येणार नाही. कोर्टात गेलात तर ओमला नातवंडं होईपर्यंत चालेल. तिघांनी मिळून विका, नाहीतर कुलूप लावून ठेवा. हैबतरावांनी कुलूप लावायचं ठरवलं होतं. ओमने हॉटेलच्या जागेचं काम अर्धं केलं होतं, त्याने बापाला धड जेवू दिलं नाही. बाराव्या दिवशी वकिलाचा फोन आला : सोमवारी सकाळी, रजिस्टर ऑफिस.

सोमवारी बाकावर तिघं भावंडं बसली. मध्ये रत्नाबाई, दोन टोकांना ती दोघं. हैबतराव जिन्याकडे तोंड करून होते. संगणकावरच्या मुलीने नावं वाचून दाखवली, बरोबर आहेत का बघा म्हणाली. लिहून देणार क्रमांक एक, हैबतराव. क्रमांक दोन, सारजाबाई. क्रमांक तीन, रत्नाबाई. सारजाबाई दोनदा म्हणाल्या, "परत वाच गं." मुलीने परत वाचलं. अंगठे झाले, फोटो झाले. रत्नाबाईंनी या वेळी न थांबता सही केली, आणि उठताना बहिणीचा हात घट्ट दाबला.

हैबतरावांनी खिशातून किल्ली काढली, वकिलाच्या फाइलवर ठेवली आणि जिना उतरून गेले. खाली जीप चालू झाली. हॉर्न वाजला तशा रत्नाबाईही पदर सावरत गेल्या.

वकील म्हणाला, "खरेदीखतात आजच ताबा दिला असं लिहिलंय. विकणाऱ्यांपैकी कोणीतरी जाऊन दार उघडून द्यायला हवं."

सारजाबाईंनी किल्ली उचलली. "मी देते की ताबा. मी बी लिवून देनारी हाय."

किसन मोपेडवर पुढे, दोघी बायका रिक्षाने मागे. मालेच्या गल्लीत दुपारची सामसूम होती, पण दारांच्या फटींतून डोळे होते. सारजाबाईंनी कुलूप काढलं. मजूर जाऊन महिना झाला होता. त्या एकट्याच आत गेल्या. पहिली खोली, चुलीची खोली, मग कडेची. कडेच्या खोलीत त्या जरा जास्त वेळ थांबल्या. किसन आणि आक्काबाई ओट्यावर उभे होते. आत जायचं कोणालाच सुचत नव्हतं.

मग त्या बाहेर आल्या. किल्ली आक्काबाईच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "दिलं," म्हणाल्या. "सुखानं ऱ्हावा."

किसन आणि आक्काबाई उंबरा ओलांडून आत गेले. किसन खिडकी उघडायला लागला. ती गच्च बसली होती. मागे वळून बघतो तर सारजाबाई गेल्या नव्हत्या. पायरीच्या खाली, रस्त्यात उभ्या होत्या. रिक्षावाला ओरडत होता, बाई, चला. त्या ऐकत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. किसनला वाटलं, काहीतरी राहिलं असेल आत. तो विचारायला पुढे झाला, तर आक्काबाई त्याच्या आधी उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"वन्सं, भाईर का उभ्या? आत या की. बसाया काय न्हाई अजून, पन या."

किसनला सख्खी काय, चुलत बहीणही नव्हती. छत्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द बायकोच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला.

सारजाबाईंनी पायरीवर चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं आणि आत आल्या.